मेलमधून आलेला कोड जसाच्या तसा चालला, मॅडम

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मेलवर केलेल्या मदतीमुळे माझ्या फर्मवेअरमध्ये (चिपवर चालणाऱ्या कोडमध्ये) सिरियल पोर्टवरचे, म्हणजे एकेक बिट आणणाऱ्या जोडणीवरचे, बाइट गळायचे थांबले. आलेले बाइट साठवणाऱ्या बफरचा इंडेक्स इंटरप्टमध्ये (मुख्य काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) बदलायचा, मुख्य लूप मात्र त्याची जुनी किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून बसायचा. ‘ही किंमत दर वेळी मेमरीतून नव्याने वाच’ असं कंपायलरला सांगणाऱ्या, तुम्ही सुचवलेल्या एका ‘व्होलटाइल’ने काम झालं. त्याबद्दल आभार आहेतच, पण हे उघड पत्र लिहितोय ते तुम्ही ज्या पद्धतीने मेल लिहिता त्यासाठी.

तुमचं पहिलं उत्तर चार ओळींचं होतं. माझ्या लांबलचक मेलमधल्या नेमक्या ओळी ‘>’ लावून ठेवल्या, बाकीच्या कापल्या, आणि त्याखाली विचारलंत: चिप कोणती, कंपायलरची आवृत्ती कोणती, ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायला कंपायलर करतो ते फेरफार) कुठल्या पातळीवर? ऑप्टिमायझेशन बंद केलं की कोड नीट चालतो, हे या शेवटच्या प्रश्नामुळेच कळलं आणि तिथेच निम्मं निदान झालं.

मग पॅच, म्हणजे कोडमधले बदल दाखवणारा मजकूर, आला. जोडलेली फाइल नाही, स्क्रीनशॉट तर नाहीच. साध्या मजकुरात, मेलच्या अंगातच. मेलमधला पॅच कोडला लावणाऱ्या ‘गिट एएम’ या आज्ञेला दिला आणि बसला. हे वाटतं तितकं सहज नसतं. डिफमध्ये (पॅचमधल्या बदलांच्या यादीत) न बदललेल्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस असते. मेल प्रोग्रामने ती खाल्ली किंवा टॅबच्या जागी स्पेस घातल्या की पॅच लागत नाही. सरळ अवतरणचिन्हं ‘सुंदर’ वळणदार झाली की कंपायलर अडतो.

सगळ्यात वाईट म्हणजे आपोआप मोडणाऱ्या ओळी. मेलचं मानक ७८ अक्षरांच्या आत राहायला सुचवतं, कमाल मर्यादा ९९८ची. तरी बरेच प्रोग्राम बहात्तरच्या आसपासच ओळ तोडतात. मेलमधून थेट चिकटवलेल्या कोडमध्ये लांब मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव) तुटला तर निदान एरर तरी येते. पण दोन तिरक्या रेघांची, ओळीबरोबरच संपणारी कॉमेंट (कंपायलर सोडून देतो ती टीप) तुटली, आणि तिच्या शेपटीला वॉचडॉग (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) बंद करणारी जुनी ओळ असली, तर ती मुकाट्याने जिवंत कोड होते! तुम्ही मेलमध्ये कॉमेंट नेहमी तारांकित कंसात (‘/* */’, ओळ तुटली तरी कॉमेंटच राहते) का बंद करता, ते तेव्हा उमगलं.

‘बोर्ड तापतोय का तेही बघा’ ही सूचना तुम्ही पॅचमधल्या तीन डॅशच्या खाली, जिथलं लिखाण गिट नोंदवत नाही, तिथे लिहिली होती. मला ती वाचता आली, पण कमिटच्या (गिटमधल्या बदलांच्या नोंदींच्या) इतिहासात गेली नाही. ही युक्ती मला फार आवडली.

कोडची ओळ आत सरकवायला आठ रकान्यांच्या टॅबचा तुमचा आग्रह मात्र मला अजून जाचतो. लिनक्स कर्नलमध्येही तसंच आहे, आणि तीन पातळ्यांपेक्षा आत जावं लागत असेल तर फंक्शनच सुधारा, असं तुम्ही म्हणाल, हे ठाऊक आहे. तरीही.

डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणारी सोय) वापरून केलेला बदल या आठवड्यात पाठवतो. विषयात ‘पॅच व्ही२’ असेल, आणि पहिल्यापेक्षा काय बदललं ते तीन डॅशच्या खाली.

आपला कृतज्ञ,
एक फर्मवेअर लिहिणारा