बाण डोलतो तेव्हा आधी धनुष्य तपासा

महोदय,

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले, त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकली. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे. मुलांना हे महागडे धनुष्य घेऊन देणाऱ्या पालकांना एक सांगावेसे वाटते. बाण शेपूट हलवत जाऊ लागला की मुलाच्या हाताला दोष दिला जातो, नाहीतर आणखी महाग बाण आणले जातात. धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर या दोन्हींचा उपयोग नाही.

जुळवणीला क्रम आहे आणि तो मोडला की सगळे श्रम वाया जातात. सुरुवात रेस्टपासून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारापासून, करू नये. आधी दोन्ही कॅमच्या (टोकांच्या चाकांच्या) धुऱ्यांमधले अंतर आणि ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर) मोजून निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहावी, ताण, म्हणजे दोरी खेचायला लागणारे बळ, काट्यावर मोजावा. जागतिक नियमांत कमाल ताण ६० पाउंडच आहे, आणि लिंब बोल्ट (धनुष्याच्या पात्या धरणारे स्क्रू) किती फेरे सैल करता येतात याची मर्यादा प्रत्येक धनुष्याला वेगळी असते. ती ओलांडणे धोक्याचे. मग कॅमची वेळ. लक्ष्याकडे तोंड करून, बाण लावून पूर्ण खेचावे आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे: वरच्या-खालच्या कॅमचे थांबे (खेच अडवणारे खुंट) एकाच क्षणी टेकले पाहिजेत. एक मागे राहिला तर सुटताना नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) सरळ न जाता वर-खाली होते आणि पुढे रेस्ट कितीही हलवला तरी ते सुटत नाही. दोन्ही कॅमना जोडणाऱ्या केबलला अर्धा पीळसुद्धा फरक पाडतो. कोणत्या केबलला द्यायचा हे कॅमच्या पद्धतीवर ठरते, आणि हे काम बो प्रेसवरच (धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्रावर) करावे, हाताने खेचून कधीही नाही.

यानंतर बाण. स्पाइनचा, म्हणजे बाणाच्या ताठपणाचा, आकडा म्हणजे २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगल्यावर तो इंचाच्या किती हजारांश भाग वाकतो, ते माप. म्हणून ४०० चा बाण ५०० पेक्षा ताठ असतो. बाण लांब ठेवला किंवा टोक जड बसवले की तो जास्त मऊ वागतो. दुकानात केवळ ताण सांगून बाण घेतले तर निम्मी माहिती सुटलेली असते.

आता कागदाची चाचणी. लाकडी चौकटीवर वर्तमानपत्राचे पान ताणून लावले तरी चालते. चौकट खांद्याच्या उंचीवर, सुमारे दोन मीटरवर, आणि मागे लक्ष्याचा ठोकळा एवढा दूर की पिसे कागद ओलांडेपर्यंत टोक त्यात घुसलेले नसावे. गोल छिद्र आणि भोवती पिसांच्या तीन चिरा दिसल्या की ठीक. पिसांच्या चिरा छिद्राच्या वर असतील तर नॉक उंच आहे: डी-लूप (दोरीवरचा नॉक बसवायचा फासा) थोडा खाली घ्यावा किंवा रेस्ट वर करावा. खाली असतील तर उलट. एका वेळी एकच बदल, तोही अर्ध्या मिलिमीटरचा, आणि प्रत्येक बदलानंतर किमान तीन बाण.

चिरा छिद्राच्या डावी-उजवीकडे गेल्या, म्हणजे फाट आडवी असली, तर मात्र घाई करू नये. रेस्ट हलवण्याआधी पकड पाहावी; दांडा मुठीत आवळला की धनुष्य वळते, तळव्याचा अंगठ्याकडचा गादीसारखा भागच टेकलेला असावा. दोरी गालाला घासत नाही ना, हेही पाहावे. त्यानंतर पिसांवर टाल्कम पावडर लावून सोडावे: ज्या ठिकाणी पावडर पुसली गेली तिथे पीस रेस्टला किंवा केबलला लागते. बदल करूनही फाट तशीच राहते त्याचे एक मोठे कारण हे घासणे, आणि ते अनेकदा तपासलेच जात नाही. हे सगळे निस्तरल्यावर रेस्ट थोडा सरकवावा. फाट वाढली तर विरुद्ध दिशेला.

कागद फक्त पहिल्या दोन-तीन मीटरचे सांगतो. पुढे १८ मीटरवर पिसांचे बाण आणि एक बिनपिसांचा बाण सोडावा. पिसांच्या वजनाएवढी चिकटपट्टी त्याच्या शेपटीला लावावी, नाहीतर तुलना खोटी ठरते. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या गटाच्या खाली लागला तर नॉक अजून उंच आहे. शेवटी ५० मीटरवरचा गटच प्रमाण मानावा. कागदावरचे छिद्र थोडे वाकडे असूनही गट घट्ट असेल तर हात लावू नये.

नागपूरचा उन्हाळा यात वेगळी भर घालतो. बंद गाडीत धनुष्य ठेवणे म्हणजे लिंबचे थर सुटण्याला आमंत्रण, आणि उष्णतेने दोरी-केबलचे धागे लांबतात. पीप (दोरीतले नेम धरायचे छिद्र) फिरतो, कॅमची वेळ हलते. म्हणून जुळवणी झाल्यावर केबल कॅमला जिथून स्पर्श करते तिथे पांढऱ्या पेनाने खूण करावी, मोजमापे पेटीच्या झाकणात लिहावीत आणि एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला ती ताडून पाहावीत.

बो प्रेस आणि ताण मोजण्याचा काटा प्रत्येक कुटुंबाने घ्यावा अशी अपेक्षा रास्त नाही. शहरातल्या क्लबांनी मिळून आणि महापालिका व क्रीडा खात्याने मदत करून प्रत्येक सराव-मैदानावर ही दोन साधने आणि कागदाची एक चौकट कायमची ठेवावी. आठवड्यातला एक दिवस जाणकाराने तिथे बसावे.

एक तिरंदाजी प्रशिक्षक, नागपूर