उंदरांचे प्रयोग थांबवा, पण कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका भगिनींचं पत्र वाचलं. फार्मसी कॉलेजांत उंदरांना विजेचे झटके देऊन फिट आणतात, हा प्रकार ताबडतोब बंद करा, यातून आजवर कुणाचं भलं झालं, असा त्यांचा सवाल आहे. मी खान्देशातल्याच एका कॉलेजात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते शास्त्र, शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हा सवाल माझ्याच दारात येऊन पडला असं समजून उत्तर लिहितो आहे. त्यांचा कळवळा खरा आहे. राग मात्र सरसकट सगळ्यांवर काढलाय, तो जिथे काढायला हवा तिथे काढलेला नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. बी. फार्म.च्या मुलांच्या हाती आता उंदीर-बेडूक येत नाहीत. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमातच ते प्रयोग संगणकावर आणि व्हिडिओवर दाखवायचे असं लिहिलेलं आहे, आणि झालं ते उत्तम झालं. एका बेडकाभोवती वीस पोरं कोंडाळं करून उभी राहायची, त्यातल्या चौघांना दिसायचं. प्राणी वापरले जातात ते एम. फार्म. आणि पीएच.डी.ला. तेही नोंदणी झालेल्या प्राणीगृहात, आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने प्रस्ताव मंजूर केल्यावर. या सगळ्यामागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे.

आता भलं कुणाचं झालं ते. १९३० च्या दशकापर्यंत मिरगीवर ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटल एवढीच मुख्य औषधं होती. फिट कमी व्हायची, पण माणूस दिवसभर पेंगायचा. बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम या दोन डॉक्टरांनी मांजरांवर काम सुरू केलं. किती विजेला मांजराला फिट येते ते मोजायचं, मग एकेक रसायन देऊन तोच आकडा पुन्हा मोजायचा. औषध कंपनीने पाठवलेल्या रसायनांत एक १९०८ मध्येच तयार झालेलं होतं. त्याने झोप येत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मांजरांत त्यानेच फिट अडवली, आणि गुंगी न आणता अडवली. १९३८ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे फेनिटॉइन. आपण मेडिकलवर 'एप्टॉइन' म्हणून मागतो ती गोळी.

व्हॅलप्रोएट या मिरगीच्या दुसऱ्या औषधाची कथा तर मजेची आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रेनोबलला काही संशोधक वेगळीच रसायनं प्राण्यांवर तपासत होते. ती नीट विरघळेनात, म्हणून हे द्रव्य निव्वळ द्रावक म्हणून वापरलं. कोणतंही रसायन द्या, फिट अडतेच! तेव्हा उमगलं की काम द्रावक करतोय. म्हणजे ज्यांच्या घरात कुणी या गोळ्यांवर उभं आहे, त्यांचं भलं त्या प्राण्यांमुळे झालेलं आहे. हे नाकारून चालणार नाही.

पण मग झटक्याचा प्रयोग जसाच्या तसा चालू ठेवायचा का? इथे मी भगिनींच्या बाजूला सरकतो.

प्रयोग असा असतो. छोट्या उंदराला औषध देऊन त्याच्या दोन्ही कानांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या क्लिपा लावतात. ५० मिलिअँपिअर वीज, सेकंदाचा पाचवा हिस्सा. उंदीर आधी आखडतो, मग त्याचे मागचे पाय शेपटीच्या रेषेत ताठ मागे जातात, मग झटके, मग ग्लानी, मग तो उठून भुशात नाक खुपसतो. क्वचित उठतही नाही. पाय ताठ झाले तर औषध नापास, नाही झाले तर पास. गोम अशी की हा उंदीर ठणठणीत असतो. त्याला मिरगी नाही, त्याच्यावर एक फिट लादलेली आहे. आणि मिरगी म्हणजे बाहेरून काही न करता पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार.

याचा फटका कसा बसू शकतो ते लेव्हेटिरासेटमवरून कळतं. आज हे औषध जगभर चालतं, पण कानाच्या क्लिपेच्या प्रयोगात ते नापास होतं. पेंटिलीनटेट्राझोल टोचून फिट आणायच्या दुसऱ्या नेहमीच्या प्रयोगातही नापास. ते लागू पडलं मोठ्या आवाजाने फिट येणाऱ्या जातीच्या उंदरांत, आणि 'किंडलिंग' केलेल्या उंदरांत. किंडलिंग म्हणजे मेंदूतल्या एकाच जागी रोज अगदी थोडी वीज द्यायची. पहिल्या दिवशी काही होत नाही. पण दिवस जातात तसा मेंदू बदलत जातो आणि तेवढ्याच विजेला पुरी फिट येऊ लागते. हा मेंदू आजारी माणसाच्या मेंदूच्या जास्त जवळचा. १९९९ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला परवानगी मिळाली. फक्त क्लिपा लावून हात झटकले असते, तर ते पहिल्याच दिवशी बाद झालं असतं.

आणि आपल्याकडे, खरं तर देशभर, क्लिपा लावूनच हात झटकले जातात. दरसाल कुणीतरी विद्यार्थी एखाद्या झाडाची पानं आणतो. शेवगा, निर्गुंडी, आघाडा, बांधावर जे सापडेल ते. सावलीत वाळवतो, अल्कोहोलात अर्क काढतो. उंदरांचे सहाचे पाच गट. एकाला नुसतं पाणी, एकाला फेनिटॉइन, तिघांना अर्क, वजनाच्या दर किलोला १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम. झटका, स्टॉपवॉच, तक्ता, तक्त्यात आकड्यांच्या डोक्यावर चांदण्या, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही अशी खूण. शेवटी ठरलेलं वाक्य : अर्कात अपस्मारविरोधी गुणधर्म आढळले, पुढील संशोधनाची आवश्यकता आहे. ते पुढील संशोधन काही कुणी करत नाही. पुढच्या साली झाड बदलतं, प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधून कपाटात जातो. असे तीस उंदीर मला जास्त सलतात. मेरिट-पुटनमच्या मांजरांनी निदान काहीतरी दिलं.

बरं, ४०० मिलिग्रॅम अर्काने उंदीर नुसता सुस्तावला असला तर? फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर ठेवून तो तोल सांभाळतो का एवढं पाहिलं की सुस्ती उघडी पडते. कित्येक प्रबंधांत ते पानच नसतं. स्टॉपवॉच धरणाऱ्याला समोरचा उंदीर कोणत्या गटातला हे माहीत असतं. माहीत असलं की नजर आपोआप हव्या त्या बाजूला झुकते. हे प्रामाणिक मुलांच्याही बाबतीत होतं.

त्यात आपला उन्हाळा. प्रत्येक प्रबंधात छापलेलं असतं : प्राणी २२ ते २५ अंश तापमानात ठेवले. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी वीज जाते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. तापाने लहान मुलांना आकडी येते हे घराघरात ठाऊक आहे. उंदराची पिल्लं गरम हवेत ठेवून तशीच आकडी आणण्याची प्रयोगाची रीतच आहे. तेव्हा एसी बंद पडलेल्या खोलीत केलेल्या फिटच्या प्रयोगाचे आकडे कितपत खरे मानायचे? प्राणीगृहाला जनरेटर आहे का, आणि तो चालतो का, हे समितीने दुपारी तीन वाजता जाऊन पाहावं.

खरं काम आहे ते उंदराची फिट नीट पाहण्याचं. १९७२ मध्ये रसीन या संशोधकांनी फिटच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्या आजही जगभर वापरतात. आधी तोंड चावल्यासारखं हलतं. मग मान डोलते. मग पुढच्या पायाला झटके येतात. मग उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, आणि शेवटी तोल जाऊन पडतो. अधेमधे तो पाण्यातून निघालेल्या कुत्र्यासारखं सर्वांग झाडतो, तेही टिपायचं असतं. काही जातींच्या उंदरांना तर फिट आलेली दिसतही नाही. चालता चालता ते थबकतात, मिशांची टोकं किंचित थरथरतात आणि पुन्हा चालू लागतात. मेंदूचा आलेख लावलेला असेल तरच कळतं. वर्गात शून्यात पाहत बसणाऱ्या आणि मास्तरांचा मार खाणाऱ्या काही मुलांचा आजार नेमका हाच असतो, आणि त्यावरची औषधं या उंदरांवर तपासली जातात.

पायलोकार्पिन नावाचं रसायन देऊन केलेल्या प्रयोगात उंदराला आधी एक लांबलचक, जीवघेणी फिट येते. मग काही दिवस तो शांत असतो, आणि त्यानंतर आपोआप फिट येऊ लागतात. त्या केव्हा येतील याचा नेम नसतो, म्हणून रात्रंदिवस कॅमेरा लावावा लागतो. यात एकेका प्राण्याला क्लिपेच्या झटक्यापेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं, हे मी लपवत नाही. तरीही दोन्हींतून एक निवडायचं तर मी हा निवडीन, कारण यातून आजाराबद्दल काही कळण्याची शक्यता आहे. इतकी औषधं येऊनही जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत. पाय ताठ झाले की नाही एवढंच पाहत राहिलो तर त्यांच्यासाठी नवं काही सापडणार नाही.

जिथे प्राण्यावाचून भागतं तिथे भागवायलाच हवं. २०२३ मध्ये आपल्या सरकारने औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी पेशी आणि संगणकावरच्या चाचण्यांनाही जागा दिली. झेब्राफिश हा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, आपल्याच देशातल्या ओढ्यांतला मासा. त्याच्या आठवडाभराच्या पिल्लांवरही फिटची औषधं चाळता येतात, आणि खर्च फार नाही.

आता थोडं विषयांतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे. नीट उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत फिटविना जगू शकतात, पण गरीब देशांत चारातल्या तिघांना उपचारच मिळत नाहीत. आपल्याकडे आठवडे बाजारात कुणी फिट येऊन पडला की आजही पहिली हाक येते, 'जोडा सुंघाडा रे!' त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, हे सांगणारा विरळा. सातपुड्याच्या पायथ्याला पेरणी आली की गोळी चुकते, चार महिने फिट आली नाही की गोळी बंद होते, आणि मग बाई चुलीत पडते नाहीतर गडी विहिरीत. मांजरांच्या जिवावर मिळालेली गोळी धडगावच्या पाड्यावर पोचत नाही आणि आपण इथे एकतिसाव्या झाडाचा अर्क काढतोय!

म्हणून माझं मागणं सगळं बंद करण्याचं नाही. केवळ झटक्याच्या एका प्रयोगावर उभा असलेला पानांच्या अर्काचा प्रस्ताव समितीने परत पाठवावा. नापास झालेले निकालही विद्यापीठाने संकेतस्थळावर टाकावेत, म्हणजे तेच झाड तिसऱ्यांदा तपासलं जाणार नाही. स्टॉपवॉच धरणाऱ्याला गट माहीत नसावा. याला पैसा लागत नाही.

पत्रलेखिका भगिनींना शेवटी एक सुचवतो. या नैतिकता समित्यांवर शास्त्रज्ञ नसलेला, समाजाची जाण असलेला एक सदस्य असावाच लागतो, आणि त्याची नेमणूक प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती करते. ही खुर्ची बऱ्याच ठिकाणी सहीपुरती आणि चहापुरती उरते. तिथे तुम्ही बसा. 'हा प्रयोग दोन वर्षांपूर्वी झाला होता ना, त्याचं पुढे काय झालं?' एवढंच दर बैठकीत विचारा. उत्तर द्यायला मार्गदर्शकाला जुनी फाइल काढावी लागेल.

आपला,
एक निवृत्त फार्माकॉलॉजी शिक्षक,
अमळनेर