आईच्या हातावरचे पाच टोचे

प्रिय आई,

काल व्हिडिओ कॉलवर तू सारखी पदर हातावर ओढत होतीस तेव्हाच मला कळलं काहीतरी लपवतेय, मग दादानं फोटो टाकला. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. सलाईनसाठी पाच टोचे! आणि वर त्या सिस्टरनी तुलाच म्हणायचं, "मावशी, तुमच्या शिरा पळतात." अगं तीन दिवस जुलाब झाल्यावर अंगात पाणीच राहत नाही, शिरा बसणारच, त्यात तुझा काय दोष. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, नाहीतर अण्णा परत तिथं भांडायला जातील.

इथं इंग्लंडमध्ये आमच्या वॉर्डात शीर शोधायचं एक मशीन आहे, टॉर्चसारखं हातावर धरायचं. त्यातून जो उजेड निघतो तो आपल्याला दिसत नाही, पण शिरेतलं रक्त तो शोषून घेतं आणि आजूबाजूचं मांस परत फेकतं. कॅमेरा तो फरक पकडतो आणि हिरव्या उजेडात शिरांचा नकाशा थेट कातडीवरच उमटवतो! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हातावर मेंदी काढल्यासारखंच वाटलं. पण खरं सांगू, पहिल्याच आठवड्यात एका आजोबांची शीर डोळ्यासमोर लख्ख दिसत असताना माझी सुई पलीकडून बाहेर गेली, कारण नकाशा सपाट असतो, शीर किती खोल आहे ते तो सांगत नाही. आणि सेंटिमीटरभर खाली गेलं की त्यालाही फारसं दिसत नाही. आजोबा म्हणाले काही हरकत नाही, मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

खोल शिरेसाठी सोनोग्राफी. पोटाची करतात तीच, फक्त हातावर. स्क्रीनवर दोन काळे गोल दिसतात, वरून दाबलं की जो चपटा होतो ती शीर, जो धडधडत राहतो ती धमनी, तिथं सुई घालायची नाही. पण एका हातात प्रोब, म्हणजे कातडीवर फिरवायचा तो दांडा, दुसऱ्या हातात सुई आणि नजर स्क्रीनवर, हे जमायला मला फार वेळ लागला.

अण्णा, पुढचं तुमच्यासाठी. तुमच्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा ना, बघायला लागायचं नाही, मागालाच कळायचं? तसं सुईलाच कळावं असं काम चाललंय. रक्तातून वीज सहज जाते, चरबीतून तेवढी जात नाही, म्हणून सुईच्या टोकाला अगदी बारीक करंट देऊन टोक कशात आहे ते ओळखायचं. फिनलंडमधल्या टॅम्पेरेच्या इंजेक कंपनीनं अशी सुई बनवलीय पण ती मणक्यातलं पाणी काढायला, टोक पाण्यात पोचलं की मशीन सांगतं. शिरेसाठी आम्ही अजून जुन्याच पद्धतीनं, सुईच्या मागच्या डबीत रक्त आलं का ते बघतो.

फोटोत तुला गुलाबी इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती नळी) दिसला, म्हणजे 20 नंबरचा. सावकाश सलाईन द्यायला 22 नंबरचा निळा चालला असता, तो बारीक असतो. आणि हात आधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकला असता, खाली सोडून ठेवला असता, तर शिरा जरा वर आल्या असत्या, याला मशीनबिशीन काही लागत नाही.

दादाला सांग, तुला परत कधी न्यावं लागलं तर दोनदा टोचून नाही मिळाली की दुसऱ्या कुणालातरी बोलवा म्हणून सरळ सांगायचं, लाजायचं नाही. सूज उतरेपर्यंत त्या हातानं भाकरी थापू नको. गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत मी येतेय, शेंगाचटणी तेव्हाच करू, आत्ता कुटत बसू नको.

आणि तुझ्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला एक जाड शीर आहे बघ. लहानपणी तुझ्याशेजारी झोपले की मी ती बोटानं दाबून सरकवायचे आणि सोडली की परत भरायची. पुढच्या वेळी सिस्टरला ती दाखव.

तुझी,
छोटी