पाळीपाळीचा मानकरी

महोदय,

मी कारखान्याचं गोदाम सांभाळते. आमच्याकडे दरमहा ‘उत्कृष्ट कर्मचारी’ निवडून फोटो फळ्यावर लावतात. निकष कोणालाच माहीत नाहीत; पाळीपाळीने नंबर लागतो, त्यामुळे फोटोकडे कोणी बघतही नाही. उलट, आमच्या हेल्परने साठ्याच्या नोंदीतला घोळ शोधला, तेव्हा साहेबांनी त्याने नेमकं काय केलं ते सर्वांसमोर सांगितलं. आता तो प्रत्येक चलन स्वतःहून पडताळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं की, अपुऱ्या पगाराने माणूस नाराज होतो, पण उमेद वाढते ती कामाची दखल घेतल्याने. (म्हणून काही साहेबांना ओव्हरटाइमचे पैसे थकवायची मुभा मिळत नाही!) शाबासकी त्याच आठवड्यात द्यावी, वार्षिक समारंभाची वाट कशाला बघायची?

– एक गोदाम पर्यवेक्षक