मागच्या खोलीच्या भिंतीबद्दल आप्पांस पत्र

आदरणीय आप्पा यांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमची नात ते तुम्हांला वाचून दाखवील, आणि माझ्यासारखा कोणी हौशी माणूस थापी हातात घेऊन भिंतीपुढे उभा असेल, तर तुमच्या चार गोष्टी त्याच्याही कानावर पडतील. निघण्याच्या आदल्या दिवशी तोंडाने आभार मानायला आलो होतो, तेव्हा ‘आधी चहा घ्या’ म्हणून तुम्ही तो विषयच बाजूला सारलात. म्हणून ते येथे लिहून मानतो.

शिमग्यानंतर येतो म्हणालेला गवंडी दुसऱ्या कामावर अडकला आणि माझी रजा दिवसागणिक संपत चालली, म्हणून राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीचा गिलावा, म्हणजे प्लास्टर, मी स्वतःच करायला घेतला. डोंबिवलीहून आलेल्या, खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्या चाकरमान्याने जांभ्याच्या भिंतीला हात घालावा याचे घरात कोणालाच कौतुक नव्हते. पहिली भिंत मी दिवसभर खपून पूर्ण केली. माल, म्हणजे सिमेंट-रेतीचे मिश्रण, सुकू लागला की पाणी शिंपडायचे, रंधा (गिलावा सारखा करायची मुठीची सपाट फळी) फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रंधा, आणि अखेर चकाकी यावी म्हणून वरून कोरडे सिमेंट भुरभुरून गुरमाल्याने, म्हणजे गुळगुळीत पत्र्याच्या सपाट थापीने, घासायचे, असा माझा क्रम होता. संध्याकाळी ती भिंत खरोखर आरशासारखी दिसत होती. चौथ्या दिवशी तिच्यावर आटलेल्या तळ्याच्या गाळासारखे बारीक तड्यांचे जाळे उमटले आणि खिडकीखालचा परातीएवढा पोपडा सुटून खाली आला.

तुम्ही कुंपणावरून पाहिलेत आणि न बोलावता आत आलात, याचे आभार सर्वांत आधी. दोष सांगण्यापूर्वी तुम्ही मधल्या बोटाच्या पेराने भिंत वरपासून खालपर्यंत ठोकत गेलात. जेथे आवाज भरीव आला तेथे पुढे सरकलात, जेथे डबा वाजल्यासारखा आला तेथे खडूने फुली मारलीत. फुल्या १७ झाल्या. मग पडलेला पोपडा उलटा करून त्याच्या पाठीला चिकटलेली तांबडी भुकटी मला दाखवलीत. जांभ्याचा चिरा तासताना निघालेली ती भुकटी मी धुतलीच नव्हती, त्यामुळे माझ्या मालाने भिंत धरलीच नव्हती, धरली होती ती धूळ. वरच्या जाळ्याचे कारणही तुम्ही तेव्हाच सांगितलेत. सतत पाणी मारून घासल्याने मालातले सगळे बारीक कण आणि सिमेंट पृष्ठभागावर ओढले जाते, त्यात वरून आणखी कोरडे सिमेंट घातले की वरच्या सालीत खालच्या थरापेक्षा सिमेंट फार जास्त होते, सुकताना ती जास्त आकसते आणि फाटते. म्हणजे मी दिवसभर जे गुळगुळीत करत होतो, ते तड्यांचेच बी होते.

रेतीची परीक्षा मात्र मी जन्मभर विसरणार नाही. स्वस्त मिळाली म्हणून आणलेल्या ढिगातली चिमूटभर रेती तुम्ही जिभेवर ठेवलीत, थुंकलात आणि ‘खाडीची’ एवढेच म्हणालात. खारट रेतीची भिंत हवेतली ओल ओढते, पावसाळ्यात तिला लोणा लागतो, म्हणजे मीठ फुटते, आणि रंगाचे पापुद्रे सुटतात, हे आमच्याच माजघरात मी लहानपणापासून पाहत आलो होतो; त्याचा रेतीशी संबंध असेल हे कधी डोक्यात आले नव्हते. दुसरी रेती आणल्यावर तुम्ही ती ओली करून तळहातावर चोळायला लावलीत. हात मातकट झाला तर त्या रेतीत माती जास्त आहे, आणि अशी रेती पाणी जास्त पिऊन नंतर तडकते. मग ती बारीक जाळीच्या चाळणीतून चाळून घेतली, कारण रंध्याखाली एक जाड खडा आला तरी तो हातभर लांब ओरखडा काढतो.

पुढचा सगळा दिवस तुम्ही मला मालाला हात लावू दिला नाहीत, याचा तेव्हा राग आला होता हे कबूल करतो. जुना गिलावा उतरवणे, तारेच्या ब्रशने चिरा घासणे, सांधे खरवडणे, धुणे, आणि खोल खड्डे आधीच मालाने भरून ठेवणे, यातच तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पुन्हा भिजवून पाणी आत मुरू दिले. जांभा तहानलेला असला तर मालातले पाणी शोषून घेतो, आणि भिंतीवर पाणी चमकत असले तर माल घसरतो. ओळंबा लावून, मालाच्या ठिपक्यांवर फरशीचे तुकडे बसवून, १२ ते १५ मिलिमीटरची जाडी तुम्ही ठरवून दिलीत, आणि दोन ठिपक्यांतले अंतर माल सपाट करायच्या लांब पट्टीपेक्षा कमी ठेवलेत, म्हणजे पट्टी दोन्हींवर टेकून चालावी. एक घमेले सिमेंट, पाच घमेली रेती, आणि एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल. थापीने माल भिंतीवर फासू नये, मारावा, म्हणजे मागची हवा निघते, हे मनगटाला कळेपर्यंत निम्मा माल माझ्या पायांवर पडला. तुम्ही हसला नाहीत. खाली आधीच गोणपाट अंथरून ठेवले होतेत.

पट्टी करवतीसारखी हलवत खालून वर नेल्यावर भिंत सपाट झाली, आणि माझा हात सवयीने रंध्याकडे गेला. तुम्ही तो रंधा उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवलात. माझ्या मते या साऱ्या शिक्षणातला मोलाचा भाग म्हणजे ती पुढची पाऊण तासाची बैठक. दर थोड्या वेळाने मला उठवून बोटाची पाठ भिंतीला टेकवायला लावत होतात. प्रथम माल बोटाला चिकटून आला. नंतर चिकटला नाही, पण बोट रुतले. शेवटी बोट कोरडे परत आले आणि मागे फक्त पुसट खळगी राहिली, तेव्हा तुम्ही रंधा दिलात. खिडकीजवळ, जेथे वारा लागत होता, ती वेळ आधी आली आणि कोपऱ्यात बरीच उशिरा, म्हणून घड्याळाकडे बघण्यात अर्थ नव्हता. रंधा हलक्या हाताने गोल फिरवायचा, पाणी कुंच्याने आणि फक्त जेथे रंधा अडखळतो तेथेच द्यायचे. वीस मिनिटांत जे झाले, ते मी पहिल्या भिंतीवर दिवसभरात करू शकलो नव्हतो.

नीरूचा, म्हणजे चुन्याच्या मऊ लगद्याचा, हात त्याच दिवशी, गिलावा ओला असतानाच दिलात. आदल्या दिवशी भिजवून लोण्यासारखा केलेला नीरू दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि गुरमाल्याची पुढची कड किंचित उचललेली हवी. तो पुरता सपाट टेकवला की भिंतीला चिकटून साल ओढून आणतो आणि फार उभा धरला की खरडतो. त्यासाठी तुम्ही माझ्या मनगटाखाली आपले मनगट धरून चार फूट भिंत माझ्याकडून करून घेतलीत. चुन्याने माझ्या बोटांची टोके सोलवटली, तेव्हा तुमच्या घरून खोबरेल आले, त्याबद्दल वहिनींचेही आभार.

रात्री तुम्ही बॅटरी घेऊन आलात आणि ती भिंतीला लावून आडवा उजेड टाकलात. दिवसा निर्दोष वाटणाऱ्या भिंतीवर दाराजवळ एक लांबट उंचवटा सावली टाकत होता. तो घासून काढू का असे विचारले, तेव्हा ‘राहू दे, कपाट येईल तिथे’ म्हणालात. कपाट आले आहे. सांगितल्याप्रमाणे सात दिवस, उन्हामुळे दिवसातून तीन वेळा, भिंतीला पाणी मारले. मी परतल्यावरचे शेवटचे दोन दिवस शेजारच्या मुलाने मारले. त्याने परवा फोनवर पेराने ठोकून आवाज ऐकवला, सगळीकडे भरीव आला.

तुमचा रंधा धुऊन पडवीतल्या खुंटीला लावून ठेवला आहे. गणपतीला येईन तेव्हा स्वयंपाकघराची पूर्वेची भिंत उतरवायचा विचार आहे. ती आधी एकदा ठोकून पाहाल का?

आपला नम्र,
मागच्या खोलीचा शिकाऊ गवंडी