मराठी अक्षराला तिप्पट दंड का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकतीच सर्वांत छोटा प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा झाली. पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहितो, तशी १ ते १०० मधली कोणतीही संख्या शब्दांत छापायची होती. भाषा कोणतीही चालेल, ज्याचा प्रोग्रॅम आखूड तो पहिला. खानापूर तालुक्यातील माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने लिस्प या संगणकाच्या भाषेत मराठी शब्द छापणारे उत्तर दिले. ती मागे पडली याचे मला दुःख नाही. ज्या मापाने मागे पडली, त्या मापाबद्दल मात्र लिहायलाच हवे. तेच माप पुढच्या खेपेला इथल्या प्रत्येक मराठी आणि कन्नड मुलाला लागेल.

माप होते बाइटचे, म्हणजे संगणकात मजकूर साठवण्याच्या एककाचे. अक्षरे साठवण्याची आज सगळीकडे चालणारी यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात साधे इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-वेलांटीलाही, तीन बाइट लागतात आणि कन्नडचेही तसेच. २९ हा आकडा घ्या. 'एकोणतीस' या शब्दात मात्रा वेगळ्या धरून ७ चिन्हे आहेत. 'ट्वेंटी-नाइन' इंग्रजीत लिहायला मधल्या रेघेसह ११ लागतात. शब्द आपला आखूड, पण बाइटने मोजला की मराठी २१ आणि इंग्रजी ११! कन्नड 'इप्पत्तोंबत्तु'ची १४ चिन्हे, म्हणजे ४२ बाइट.

त्यात लिस्पच्या 'कॉमन लिस्प' या रूपाने इंग्रजीची सोय आधीच करून ठेवली आहे. १९९४ च्या प्रमाणित आवृत्तीत छपाईच्या सूचनेत टिल्डे (~) आणि आर (R) अशी दोन चिन्हे घातली, की कोणतीही संख्या इंग्रजी शब्दांत उमटते. मध्ये आणखी एक चिन्ह घातले, की रोमन अंकांत. मराठी मुलीला शंभर शब्द स्वतः वाहून न्यावे लागतात.

तरीही तिने ते कसे नेले, हे वाचकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. निवृत्तीनंतर तिच्याच वहीवरून मी लिस्प वाचायला शिकलो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या या भाषेत सगळे काही कंसातली यादी असते. (+ २ ३ ५) म्हणजे दहा. क्रिया आधी, संख्या मागून. जन्मभर मुलांकडून कंचेभागुबेव घोकून घेतलेल्या मला ही भाषा फार आवडली, कारण कोणती क्रिया आधी करायची हे कंसच सांगतात, नियम पाठ करावा लागत नाही. कंसाला लागून जागा सोडायचीही गरज नाही, म्हणून (+ (* २ ३) ५) ची १३ चिन्हे (+(* २ ३)५) अशी ११ वर येतात. एरवी आखूडपणाच्या स्पर्धेत लिस्प अवघडच. तिचे 'डिफन', 'लॅम्बडा' हे शब्द लांब आहेत.

आता मराठी संख्या. २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ आणि ८९ या सातांत 'एकोण' आणि पुढचे दशक, एवढेच असते. पण १९ ला 'वीस'मधला 'व' गळून 'एकोणीस' होते, आणि ९९ ला 'नव्व्याण्णव' म्हणून नियमच मोडतो. शेवटी ९ आहे का हे तपासत बसले, तर हे अपवाद सांभाळण्यातच प्रोग्रॅम लांबतो. तिने तपासलेच नाही. शब्दांच्या यादीत त्या सात जागी तिने नुसता रिकामा कंस ठेवला: अठ्ठावीस()तीस. कॉमन लिस्पमध्ये रिकामा कंस म्हणजेच 'नाही'. शब्द सापडला तर तो छापायचा. 'नाही' आले, तर 'एकोण' म्हणून पुढच्या संख्येसाठी प्रोग्रॅमने स्वतःलाच हाक मारायची. ९, १९ आणि ९९ हे शब्द यादीत आहेतच, त्यांचा वेगळा विचार करायला नको. आणि कंस असल्यामुळे दोन्ही बाजूंची मोकळी जागाही वाचली! शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत 'एकोण'ची इतकी नेमकी समज मी फळ्यावर मांडू शकलो नव्हतो.

६१ ते ६८ या आठही शब्दांचा शेवट 'सष्ट' आहे. तो एकदाच लिहावा का? त्याने चिन्हे २८ वाचतात, बाइट ८४, पण जोडणीची वाक्येही मोजली जातात. म्हणजे निर्णय मापावर ठरतो, आणि बाइटचे माप मराठीत लिहिणाऱ्याला आपलेच शब्द तोडायला भाग पाडते.

कन्नडमध्ये आधी दशक, मग एकक: इप्पत्तोंदु (२१), इप्पत्तेरडु (२२). संधी सांभाळला, की थोड्या शब्दांत भागते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणले, त्या रीतीने मराठी प्रोग्रॅमही तेवढाच छोटा झाला असता. पण बेळगावच्या शनिवार खुटावरचा दुकानदार एका गिऱ्हाइकाला 'इप्पत्तोंदु' म्हणतो आणि दुसऱ्याला 'एकवीस'. लोक बोलतात तेच छापायचे, हे त्या मुलीने ठरवले आणि ते योग्यच केले.

बाइटच्या मापामागे कारण आहे, हे मला मान्य आहे. नुसती चिन्हे मोजली, तर काही जण दोन-दोन इंग्रजी अक्षरे एका मोठ्या चिन्हात कोंबून फसवी बचत करतात. म्हणून माझी सूचना अशी: प्रोग्रॅम बाइटनेच मोजा, पण उत्तरात छापायचे शब्द युनिकोड चिन्हांनी, म्हणजे अक्षर असो वा काना-मात्रा, प्रत्येकी एक धरून मोजा. तेही किचकट वाटत असेल, तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी शब्दांच्या याद्या स्पर्धकांना आयत्या द्या, त्यांची मोजणीच नको. मग टिल्डे-आरचा आयता फायदाही उरणार नाही आणि निकाल बुद्धीवर लागेल. नियमपत्रिका तिन्ही भाषांत छापावी.

मराठीची १ ते १०० ची शुद्धलेखन तपासलेली यादी मी संयोजकांना द्यायला तयार आहे. कन्नड यादी आमच्या शेजारच्या शाळेतले गुरुजी तपासून देणार आहेत. आपल्या दैनिकामार्फत संयोजकांनी निरोप द्यावा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, खानापूर