सरळ केसांची सक्ती कोणाची?

महोदय,

परवा बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर पंधरा-वीस कॉलेजकन्यांचा घोळका पाठमोरा उभा होता. त्यात माझी भाची मला ओळखूच येईना! सगळ्यांचे केस पाठीवर मोकळे, सरळ, इस्त्री केल्यासारखे.

भाचीचे केस मूळचे दाट कुरळे, थेट तिच्या आजीसारखे. कायमस्वरूपी स्ट्रेटनिंगमध्ये केसांतल्या प्रथिनांचे गंधकाचे बंध रसायनाने तोडून केस सरळ ठेवून पुन्हा जोडतात. पण मुळातून नवा केस येतो तो कुरळाच. म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा पार्लर, पुन्हा हजारोंचा खर्च. आणि एवढे करून एप्रिल-मेच्या ४५ अंशांत गाडीवर निघताना आपल्या नागपूरच्या मुली डोक्याला स्कार्फ असा गुंडाळतात, की फक्त डोळे दिसावेत. ते सरळ केस बघतो कोण?

आमची पिढी काही वेगळी होती असा माझा दावा नाही. १९६० च्या दशकात अभिनेत्री साधनाच्या ‘साधना कट’ची लाट आली तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीने आईच्या शिवणाच्या कात्रीने कपाळावरच्या बटा कापल्या होत्या. तिरप्या आल्या. आईने महिनाभर तेल चोपडून घट्ट वेणी घातली.

आता पार्लरवाल्या सांगतात, कुरळ्यांची फॅशन परत येतेय. भाची विचारते, “मावशी, कुरळे करायला किती लागतील गं?”

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर